चिगुसा खाणावळ, आज चालू आहे

तोकुजी नारासाकीनं बत्तीस वर्षांत चित्रात एकही माणूस काढला नाही. घरं काढली, जिने काढले, विजेचे खांब आणि त्यांच्यावरच्या तारांची गुंतवळ काढली, सायकली, कुंड्या, गटारांची झाकणं काढली. माणसं काढायची ती सेन्सेईंनी, म्हणजे मुख्य चित्रकारानं. मांगा, म्हणजे चित्रकथा, छापून आली की वर सेन्सेईंचं नाव ठसठशीत, आणि अगदी शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत मदतनिसांची यादी. त्या यादीत पहिलं नाव त्याचं. पण ती यादी वाचतो कोण? गोष्ट संपली की माणूस पुस्तक मिटतो.

त्याचे सेन्सेई म्हणजे मुनेकाता. वयानं सात वर्षांनी लहान, तरी सेन्सेई ते सेन्सेईच. नेरिमाच्या टोकाला, कोबीच्या शेताला लागून त्यांचं घर, आणि वरच्या मजल्यावर कामाची खोली. गेली सात वर्षं त्यांची एकच मांगा चालू होती, ‘रिकाम्या घराचं पाणी’. पाण्याचे मीटर वाचत दारोदार फिरणारी सायो नावाची बाई, आणि चढावरचं एक बंद घर. वीज तोडलेली, दाराला कुलूप, आणि पाण्याचं मीटर मात्र दर महिन्याला पुढे सरकलेलं. आत कोण पाणी वापरतंय? एवढ्या एका प्रश्नावर सेन्सेईंनी सहा खंड ओढले आणि वाचणारे नखं कुरतडत बसले.

त्या चढावरची गल्ली मात्र सगळी तोकुजीची. आणि त्या गल्लीत, तांदळाच्या दुकानाच्या पलीकडे, त्यानं पहिल्या भागापासून एक पाटी लावली होती. ‘चिगुसा खाणावळ, आज चालू आहे.’ खाली वाकड्या नळीची किटली.

असल्या खोड्या चित्रातलं मागचं काम करणारे सगळेच करतात. दुकानाच्या पाटीवर मित्राचं आडनाव घाल, औषधाच्या जाहिरातीत मांजराचं नाव घाल. संपादक बघतात, हसतात, सोडून देतात. तोकुजीची पाटी मात्र खोडी नव्हती, ते पत्र होतं.

चिगुसा त्याची पोर. पाच वर्षांची असताना ती त्याच्या टेबलाखाली खाणावळ चालवायची. गिऱ्हाईक एकच, बाप. बाप वर इमारतींच्या खिडक्या आखतोय आणि खालून खोडरबराच्या चुऱ्याचा भात येतोय. भात अळणी आहे म्हटलं की दुकानाची मालकीण बिघडायची. तिच्या हट्टापायी त्यानं पुठ्ठ्यावर ती पाटी करून दिली होती. किटली तिनं स्वतः काढलेली, म्हणून नळी वाकडी.

पुढे पोर एकोणीस वर्षांची झाली आणि तिची आई फुसाए आजारी पडली. फुसाएला इस्पितळात ठेवून पाच आठवडे झाले होते. ज्या दिवशी दुपारी चिगुसानं कामाच्या खोलीवर फोन केला, आईचं काही खरं नाही, लगेच या म्हणून, त्या दिवशी संध्याकाळी सहाला पानं छापखान्यात जायची होती आणि अकरा पानांवर माणसांमागची घरं-रस्ते काढायचे राहिले होते. तोकुजी म्हणाला, आठ वाजेपर्यंत येतो. तिनं पुन्हा फोन केला तेव्हा तो म्हणाला, दोनच पानं राहिलीत गं. साडेपाचला पानं पुरी झाली. फुसाए पाचलाच गेली होती.

आता कुणी म्हणेल, असा कसला बाप, असा कसला नवरा. म्हणा खुशाल. पण ही माणसं अशीच घडलेली असतात. पान चुकलं तर जग बुडेल असं त्यांना विशीत शिकवलेलं असतं आणि पन्नाशी आली तरी ते डोक्यातून जात नाही. तो इस्पितळात पोचला तेव्हा त्याच्या बोटांना छटा भरायच्या ठिपक्यांच्या चिकट कागदाचे तुकडे लागले होते. पोरीनं ते बघितले आणि तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा कामावर गेला, कारण पुढच्या महिन्याची पानं होती. वर्षाच्या आत ती घर सोडून गेली. चिठ्ठी नाही, काही नाही.

त्यानं पोलिसात नाव घातलं. दोन महिन्यांनी तिथल्या माणसाचा फोन आला. मुलगी सापडली, धडधाकट आहे, सज्ञान आहे, आणि ठावठिकाणा वडिलांना कळवू नका असं तिचं म्हणणं आहे. पोलिसांनी तिथंच फाईल मिटली. कायदाच तसा आहे, त्या बिचाऱ्याचा काय दोष.

तेव्हापासून तोकुजीनं दोन गोष्टी केल्या. एक, घर बदललं नाही. घरमालकानं इमारत पाडायचं दोनदा काढलं, शेजारपाजारचे निघून गेले, हा हटून बसला, कारण पोरीला हाच पत्ता ठाऊक. दुसरी गोष्ट म्हणजे ती पाटी. चिगुसा लहानपणापासून मांगा वाचणारी. कुठेतरी, कुणाच्या तरी दुकानात, न्हाव्याकडे, एखाद्या दिवशी तिच्या हाती मासिक पडेल, सायो गल्लीतून चालताना दिसेल, आणि तिच्यामागे पाटी. आज चालू आहे. म्हणजे ये. जेवायला ये, भांडायला ये, पण ये.

सात वर्षं तो पाटी काढत राहिला आणि सात वर्षं काही आलं नाही.

मग बातमी आली की ‘रिकाम्या घराचं पाणी’ची ॲनिमे, म्हणजे टीव्हीवरची चित्रमालिका, होणार. खोलीत सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. सेन्सेई कसनुसं हसले. तोकुजी मनात हिशेब करत होता. मासिक वाचतात ते वाचतात, पण ॲनिमे प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर. स्टेशनात, ऑफिसात, भात खाताखाता. आता ती चुकणार नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. ॲनिमेवाल्यांनी त्याच्या गल्लीचे नकाशे मागून नेले, इंच इंच मापं नेली. तीही मागचंच काम करणारी माणसं. आपल्यासारख्यानं आपली पाटी पुसायची कशाला, असं त्याला वाटलं. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा कुठला म्हणाल तर हा.

सेन्सेई त्याला म्हणाले होते, बघू नका हो, भडक रंग फासलेत. तोकुजीला वाटलं, मोठा माणूस आहे, स्वतःचं कौतुक नको असतं. भाग रात्री लागायचा, तो मशिनवर रेकॉर्ड करून ठेवायचा आणि रविवारी सकाळी चहा करून बसायचा. मांडीवर खंड, हातात थांबवायचं बटण. एक चौकट बघायची, पडद्यावरचं चित्र थांबवायचं, पुन्हा पान.

पहिल्या रविवारी त्याला रडूच फुटलं. बत्तीस वर्षं काळ्या-पांढऱ्यात काम केलेला माणूस, आपल्या कौलांचा रंग कुठला हे त्यानं कधी ठरवलंच नव्हतं. कुणीतरी ती निळसर केली होती, आणि ती निळसरच होती. मीटरची टिकटिक त्यानं पहिल्यांदा ऐकली. पाऊस तो पट्टीनं आखायचा, एका पानाला चारशे-पाचशे रेघा, इथे तो खरोखरच पडत होता.

पण सगळंच काही त्याला पटलं नाही. पहिल्या खंडात सायो बंद घराच्या कडीला हात लावते, ती चौकट डाव्या पानाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात. ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची, म्हणून पुढे काय, हे बघायचं तर पान उलटायला लागतं. सेन्सेईंनी ती चौकट तिथं बसवायला अख्खा भाग चार वेळा पाडून पुन्हा रचला होता. पान उलटणारा हात वाचणाऱ्याचा असतो, दार तो स्वतः उघडतो, मग जे दिसतं त्याची जबाबदारी त्याचीच. ॲनिमेत दार आपोआप उघडलं, वर पिपाण्या वाजल्या. हॅ, असली कसली भीती? ही आयती भीती, असं तो भिंतीकडे बघून म्हणाला.

पाटी अजून दिसायची होती. पहिल्या चार भागांत कॅमेरा तांदळाच्या दुकानाशी येऊन वळायचा. खंडात बघितलं तर तिथं पाटीची चौकट होती, आणि पडद्यावर नेमकी ती गाळलेली. वेळेचं गणित असतं, अर्ध्या तासात किती म्हणून बसवणार, अशी त्यानं मनाची समजूत घातली. कारण पाचव्या भागात ती गाळून चालणारच नव्हतं. तिसऱ्या खंडातला तो प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. पावसात सायो खाणावळीच्या दारात आडोशाला उभी राहते, आणि समोरच्या बंद घराच्या खिडकीत ओला टॉवेल वाळत घातलेला तिला दिसतो. अर्ध्या पानाची चौकट. सायोच्या डोक्यावर पाटी.

पाचव्या रविवारी त्यानं दाढी केली. आता घरात बसून टीव्ही बघायचा तर दाढी कशाला, पण केली.

सायो धावत आली, आडोशाला उभी राहिली, केस पिळले. तोकुजीनं बटण दाबलं. मांडीवरचं पान आणि समोरचा पडदा. गळकी पन्हळ होती. पन्हळीला बांधलेली तार होती. उंबऱ्याचा टवका उडालेला होता, तो उजव्या बाजूला तसाच. दारातल्या कुंडीत करपलेली मिरचीही होती. वर लाकडी फळी होती आणि फळी कोरी होती. एक अक्षर नाही, किटली नाही.

त्यानं चित्र पुढे नेलं, मागे आणलं, चष्मा पुसला. मिरचीचं करपलेलं पान ज्यांनी सोडलं नाही, त्यांना एवढी मोठी पाटी दिसली नसेल? चहा गार झाला. दिवसभर तो तिथंच बसून होता.

सोमवारी कामावर गेल्यावर त्यानं सेन्सेईंना विचारलं. रागानं नाही, सहज विचारल्यासारखं. पाटीवरची अक्षरं काढायचा काही नियम असतो का हो? सेन्सेईंनी टाक खाली ठेवला. त्यांचे कान लाल झाले. उद्या उरुशिबारासान येतायत, त्याच सांगतील, एवढंच म्हणून ते खाली पाणी प्यायला गेले ते बराच वेळ वर आले नाहीत.

उरुशिबारा म्हणजे त्यांची संपादक, तिशीची, चटपटीत बाई. एरवी जिना चढतानाच बोलायला लागायची. मंगळवारी आली ती काळा कोट घालून, हातात मिठाईच्या दुकानाची कागदी पिशवी. माफी मागायला येताना इथं माणूस घट्ट, जड मिठाई आणतो. ती पिशवी बघितली आणि तोकुजीला कळलं की नियमबियम काही नाही.

मासिकाला दर महिन्याला एक कार्ड जोडलेलं असतं. कुठल्या गोष्टी आवडल्या त्यांवर खूण करायची, खाली दोन ओळी मत लिहायचं आणि टपालात टाकायचं. तिकीट लागत नाही. हजारो कार्डं येतात, मांगा चालू ठेवायची की बंद करायची ते त्यांच्यावर ठरतं. बत्तीस वर्षं तोकुजीचं पोट त्या कार्डांवर चाललं होतं. पण पाटीला उत्तर यायचं तर ते त्या वाटेनं येईल, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही. त्याला वाटत होतं ती दारात येईल, फार तर फोन करेल.

उरुशिबारानं तीन कागद टेबलावर ठेवले. कार्डांच्या फक्त लिहिलेल्या बाजूच्या नकला.

पहिलं तीन वर्षांपूर्वीचं. नाव नाही, वय पंचवीस. ‘रिकाम्या घराचं पाणी’पुढे आवडल्याची खूण. खाली लिहिलेलं: चिगुसा खाणावळीचं शटर कृपया खाली ओढावं. मालकीण आता तिथं राहत नाही.

दुसरं त्याच्या पुढच्या वर्षीचं. पुन्हा त्याच मांगेपुढे खूण. खाणावळ अजून चालूच आहे. मासिक उघडताना आधी ती दिसेल का याची धास्ती वाटते. बंद करावी ही विनंती.

तिसरं सात महिन्यांपूर्वीचं. टीव्हीवर येणार असं वाचलं. आमच्या घरी सगळे मिळून बघतील. माझ्या घरातल्यांना माझं ते नाव माहीत नाही. ती पाटी नको. हात जोडून सांगते.

अक्षर तिचंच होतं. एखादी रेघ पट्टी लावून ओढल्यासारखं. त्यानंच शिकवलेलं.

तोकुजीनं कागद सरळ एकाखाली एक लावले.  मग सेन्सेईंनी मान खाली घातली, इतकी खाली की कपाळ टेबलाला लागलं.

“पहिली दोन मीच दाबून ठेवली,” ते म्हणाले. “तुमच्याकडे तेवढंच होतं, नारासाकीसान. माझ्यानं सांगवेना. तिसरं आलं तेव्हा ॲनिमेवाल्यांना मीच सही करून दिली, पाटी काढा म्हणून.”

“सेन्सेई, मान वर करा,” तोकुजी म्हणाला. “मागं पोरं काम करतायत.”

मग त्यानं उरुशिबाराकडे वळून विचारलं की कार्डावर टपालाचा शिक्का असेल ना. कुठल्या गावचा, एवढंच.

“मी तो बघितलेला नाही,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते पण आवाज ठाम होता. “आणि तुम्हीही बघू नका. तिनं आमच्यावर विश्वास ठेवून लिहिलंय.”

त्यानं मान डोलावली. खरंच होतं ते.

घरी जाताना तो कोबीच्या शेताच्या कडेनं गेला. तीन वर्षं. तीन वर्षं पोर पाटी बघत होती. म्हणजे पत्र पोचलं होतं, दर महिन्याला पोचत होतं, आणि तो दर महिन्याला तिच्या घरात तंगडी घालत होता. तिला धास्ती वाटत होती. बापाच्या बोलावण्याची धास्ती. आणि तरी मांगा ती सोडत नव्हती, आवडल्याची खूण करत होती. आता याचं माणसानं काय करायचं? आनंद मानायचा की डोकं आपटून घ्यायचं? तिच्या घरात माणसं आहेत. तिला कुठल्यातरी दुसऱ्याच नावानं कुणीतरी हाक मारतं. ते नाव त्याला कधी कळणार नाही. तो शेताच्या कठड्याला धरून उभा राहिला. शेतातल्या म्हातारीनं विचारलं, बरं वाटत नाही का? तो म्हणाला, छे, जेवण जरा जड झालं.

महिन्याभरानं प्रकाशकांनी सहाही खंड नव्या वेष्टनात, ॲनिमेचं चित्र वर लावून काढायचं ठरवलं. उरुशिबारानं सांगितलं की पाटीची पानं ऑफिसातली मुलं कॉम्प्युटरवर पुसतील, तुम्ही त्रास घेऊ नका. एकेचाळीस पानं होती. तोकुजी म्हणाला, नुसतं पुसून भागत नाही. पाटी काढली की तिथं काहीतरी असायला पाहिजे. कोरी फळी डोळ्याला खुपते, ॲनिमेत खुपलीच ना? मूळ पानं काढा, मी करतो.

तो रोज सकाळी येऊन बसायचा. पांढरी शाई, बारीक ब्रश. आधी किटली, मग अक्षरं. शाई वाळली की त्यावर टाकानं शटर आखायचं, आडव्या पट्ट्या, एकसारख्या, खाली कुलूप. पहिल्या खंडातली पाटी पुसताना रेघ हुकली, ते पान दोनदा करायला लागलं. पुढे हात बसला. नऊ वर्षांत पोरीनं बापाकडे काही मागितलं असेल तर एवढंच, आणि ते वेळेवर द्यायचं होतं. छपाईच्या तारखेला दहा दिवस असताना चाळीस पानं झाली होती.

शेवटचं पान दुसऱ्या खंडातलं. पूर्ण गल्ली वरून दिसते, कावळ्याला दिसावी तशी. त्यात खाणावळ म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी, आणि पाटीवरची किटली म्हणजे एक ठिपका आणि एक वाकडी रेघ. सेन्सेई मागे येऊन उभे राहिले. गेला महिनाभर ते त्याच्याशी नीट नजर भिडवत नव्हते.

“एवढी राहू द्या, नारासाकीसान,” ते हळूच म्हणाले. “भिंग लावलं तरी कळायचं नाही. कुणाला दिसणार आहे?”

तोकुजीनं ब्रश शाईत बुडवला आणि बाटलीच्या कडेला टेकवून निथळला.

“तिला दिसेल,” तो म्हणाला, आणि ठिपक्यावर पांढरं लावलं.